कांदा जुळत नाही

ज्या बाईबद्दल लिहायला बसले आहे, तिच्या नावाचा शेवट ‘-ंदा’ असा होतो. आमच्या भागात अशी चार-पाच नावं आहेत. त्यातलं कुठलं, ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोक्यात पुढचा शब्द आपोआप जुळेल, आणि एकदा जुळला की तो काढता येत नाही. हे मी करून पाहिलं आहे.

ती आमच्या गावात पिठाची गिरणी चालवायची. गाव इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्यापासून फार लांब नाही, चहूबाजूंनी ऊस. नवरा गेल्यावर दिरांनी तिला रस्त्याकडेची एक खोली आणि बंद पडलेली चक्की दिली. तिनं ती चालू केली, दारावर पत्र्याची पाटी लावली आणि पाटीवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं. आमच्याकडं लग्न झालेल्या बाईला नावानं कोण हाक मारतं? ती अमक्याची आई असते नाहीतर तमक्याची सून. हिला मात्र सगळं गाव नावानं हाक मारायचं, आणि तेही ओरडून, कारण चक्की चालू असताना साध्या आवाजात काही ऐकू जात नसे. डबा उंबऱ्यावर ठेवायचा, रस्त्यावरूनच तिचं नाव ओरडायचं. ती पिठानं पांढऱ्या झालेल्या पापण्या वर करायची आणि बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे एक तास, दोन म्हणजे दोन. गावात दिवसभर जिचं स्वतःचं नाव घुमायचं अशी ती एकटीच बाई. ते नाव तिच्याकडून मी काढून घेतलं.

मी पत्रकांत वाढले. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वालचंदनगरला कामगार होते आणि कामगारांची पत्रकं लिहायचे. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत गुलाबी-पिवळ्या कागदांचे गठ्ठे पडलेले असायचे. मला अक्षरं आली ती त्या कागदांवरून, शाळेच्या आधी. दुपारी मी आणि आई घड्या घालायला बसायचो. शाई ओली असली की बोटांवर ‘जाहीर सभा’ उलटी उमटायची. पुढं शाळेत गाईवर निबंध आला तर माझ्या निबंधातली गाय सुद्धा काहीतरी मागणी करायची.

पत्रकाचे अण्णांचे दोन नियम होते. माणसाचं नाव घालायचं नाही, हुद्दा घालायचा. आणि यमक जुळवायचं नाही.

“यमकानं काय होतं?” मी एकदा विचारलं.

“जुळलं की माणूस इचार करत न्हाय,” ते म्हणाले. “नुसती मान डोलावतो.”

मला वाटायचं, अण्णा मागं राहिले. दोन पानी पत्रक आता कोण वाचतं? अन्यायाविरुद्ध बोलायचं तर लोकांच्या कानात शिरलं पाहिजे, असं माझं मत होतं, आणि माझी मतं फार पक्की असायची.

पुढं अण्णा निवृत्त होऊन आम्ही गावी राहायला आलो, आणि मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि समोरच्या पॅनेलनं गिरणीवाल्या काकीला उभं केलं.

आमच्याकडचं बोअरचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही आणि चहाला चव येत नाही. म्हणून गावात शुद्ध पाण्याचा प्लांट बसला होता. तो चालवायला कागदोपत्री बायकांचा बचत गट होता आणि गटाची अध्यक्ष काकी. किल्ली मात्र समोरच्या पॅनेलच्या पुढाऱ्याच्या खिशात. त्याच्या नावामागं राव लागतं, म्हणून इथं त्याला नुसतं राव म्हणते. सकाळी गावाच्या रांगेत प्लांटचा नळ कोरडा व्हायचा आणि दुपारी तिथूनच गार पाण्याचे जार ढाब्यांवर आणि मंगल कार्यालयांत जायचे. कागदांवर सह्या काकीच्या. तिनं त्या वाचून केल्या होत्या का, हे मी तेव्हा तिला जाऊन विचारलं नाही. गिरणी आमच्या घरापासून पाच मिनिटांवर होती.

आमच्या बाजूचे म्हातारे पुढारी तात्या मला म्हणाले, “पोरी, तुझं पत्रक लई भारी आसतंय, पर वाचतंय कोन? गानं लिही. टेंपोवर लावू.”

मी पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर गाणं लिहायला बसले. दोन कडवी, एक रावांवर आणि एक काकीवर. नावावर गाणं लिहिणाऱ्याला राव म्हणजे आयतं ताट आहे. गाव, नाव, भाव, डाव, घाव. इकडच्या वाढदिवसाच्या गाण्यांत सगळ्या रावांच्या पाठीशी गाव उभं असतं ते एवढ्यासाठीच. मी रावांना ‘हाव’ जुळवलं आणि खूश झाले.

‘-ंदा’ला शब्द थोडे. मी वहीत एक यादी केली: यंदा, चंदा, मंदा, फंदा, गंदा, धंदा. ‘गंदा’ लगेच खोडला. बाईबद्दल असला शब्द माझ्या तत्त्वात बसत नव्हता. ‘धंदा’ ठेवला. पत्रकाच्या भाषेत तो स्वच्छ शब्द आहे. शिक्षणाचा धंदा, औषधांचा धंदा. अण्णांनी तो कितीदा तरी वापरलेला. माझी ओळ झाली ती अशी: पाण्याचा मांडला अमकीनं धंदा, जागा दाखवू तिला यंदा. अमकीच्या जागी तिचं नाव.

तात्यांच्या ओट्यावर मी दोन्ही कडवी वाचून दाखवली. पाच-सहा माणसं बसली होती. काकीचं कडवं दोनदा म्हणायला लावलं. मग तात्या म्हणाले, “रावांचं काढून टाक.”

“का?”

“आगं, माझ्या मेव्हन्याचा सोयरा हाय त्यो. उद्या लग्नात मांडीला मांडी लावून बसायचंय आमाला.”

“पण किल्ली त्यांच्याकडं आहे, तात्या. ती नुसती सही करते.”

“सही करती नव्हं? मग झालं तर. आनि खरं सांगू का, तिचं कडवं कसं झॅक जुळलंय. रावांचं वढूनतानून वाटतंय.”

शेजारचा म्हणाला, “तिला कुठं हाय मेव्हना?” सगळे हसले.

मी तत्त्वाची मुलगी, त्यामुळं दहा मिनिटं भांडले. मग रावांचं कडवं काढलं. सोयरिकीचं कारण मला पटलं नव्हतं. तात्यांचं दुसरं म्हणणं पटलं होतं. ‘हाव’पेक्षा ‘धंदा’ खरंच चांगला जुळला होता. आपली चांगली ओळ वाचवण्यासाठी मी गुन्हेगार बदलला, इतकं ते साधं आहे.

गाणं रेकॉर्ड करायला आम्ही बारामतीला गेलो. मोबाईलच्या दुकानावरच्या माळ्यावर, भिंतींना गाद्या ठोकलेला एक छोटा स्टुडिओ होता. गायक सांगवीकडचा, वाढदिवसांची आणि जत्रांची गाणी म्हणणारा, आवाज खणखणीत. त्यानं माझा कागद वाचला आणि डोकं खाजवलं.

“ताई, ‘पाण्याचा मांडला’ ठेक्यात बसत न्हाय. धृपद छोटं पायजे. मानूस गाडीवरनं जाता जाता त्याच्या तोंडात बसलं पायजे.”

“मग काय करायचं?”

“पानी काढू. नुसतं हे ठिवू.” त्यानं टेबलावर बोटं वाजवत म्हणून दाखवलं. काकीचं नाव, त्याला ‘चा’, आणि पुढं धंदा. तीनदा.

मशिनवर बसलेला माणूस हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. ते हसू मला माहीत होतं. एस.टी. स्टँडवर, कॉलेजच्या गेटवर, कुठंही ते ऐकलं की आम्ही मुली ओढणी सारखी करतो. एकट्या बाईच्या नावाला तो शब्द चिकटला की त्यातलं पाणी जातं आणि एकच अर्थ उरतो. मला तो त्याच सेकंदाला कळला. पुढं मी लोकांना सांगत फिरले की माझ्या मनात तसं नव्हतं, गायकानं शब्द गाळले, कडवं नीट ऐका. ते खोटं आहे. मी त्या गादीला टेकून उभी होते, मला कळलं होतं, आणि त्यानं विचारलं होतं.

“चालंल ना, ताई?”

“चालेल,” मी म्हणाले.

टेंपो आमच्या दारावरून पहिल्यांदा गेला तेव्हा अण्णा दाढी करत होते. गाणं लांब जाईपर्यंत त्यांनी वस्तरा गालापासून दूर धरला. मग आरशातूनच विचारलं, “अध्यक्ष कुठं गेली गं?”

“ठेक्यात बसत नव्हती,” मी म्हणाले.

त्यांनी उरलेला गाल केला.

आता जे सांगायचं आहे ते कुणाला सांगितलेलं नाही. पहिले तीन दिवस काकीला गाण्याचे शब्द कळलेच नाहीत. टेंपो मुद्दाम गिरणीसमोर हळू व्हायचा, पण आत चक्की चालू असायची, आणि त्या आवाजातून तिला फक्त स्वतःचं नाव ऐकू यायचं, रस्त्यावरून कुणीतरी ओरडल्यासारखं, रोजच्यासारखं. तिला वाटलं, हे आपल्याच पॅनेलचं गाणं. ती दारात आली आणि तिनं पिठाचा हात वर करून टेंपोला हलवला. मी टेंपोत पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. मीही हसले. तिनं मला ओळखलं आणि मलाही हात केला.

चौथ्या दिवशी वीज नव्हती. चक्की बंद होती आणि टेंपो आला.

त्यानंतर गिरणीसमोर माणसं थांबायला लागली. त्यांच्या हातात डबे नसायचे. “काय, धंदा कसा चाललाय?” “आज किती गिऱ्हाइकं?” “आमचा नंबर कवा?” ती बोटं दाखवायची बंद झाली, कारण बोटांवरूनही बोलणं व्हायला लागलं. मग सासवांनी सुनांना तिकडं पाठवणं थांबवलं. गहू-ज्वारीचे डबे पलीकडच्या गावात जाऊ लागले. ज्या बायकांनी त्या गिरणीत बसून आपली रड सांगितली होती, त्याच बायका म्हणायच्या, “काहीतरी आसल्याबिगर का गान्यात येतंय?”

गाण्यात का येतं, ते मी सांगू शकले असते. तिच्या नावात अनुस्वार, द आणि काना होता म्हणून.

आम्ही जिंकलो. तात्यांची सून सरपंच झाली. प्लांटची किल्ली तात्यांच्या खिशात गेली आणि दुपारचे जार पहिल्यासारखेच ढाब्यांवर जाऊ लागले. मी त्यावर पत्रक काढलं, नावं न घेता, यमक न जुळवता, अगदी अण्णांच्या नियमानं. दुसऱ्या दिवशी वडापावच्या गाड्यावर मला त्यात वडा बांधून मिळाला. रावांचं काय झालं म्हणाल, तर ते आणि तात्या खरंच एका लग्नात मांडीला मांडी लावून बसले होते. मी पाहिलं.

निकालानंतर काही दिवसांनी काकी आमच्या घरी आली. सकाळची वेळ होती, अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. तिच्या अंगावर पीठ नव्हतं. मी तिला बिनपिठाची पहिल्यांदाच पाहिली. पापण्या काळ्याभोर होत्या.

“गानं तू लिवलंस?”

“हो, काकी.”

“झाली ना निवडनूक? आता बंद कराय सांग.”

मी तिला समजावून सांगितलं की ते आता कुणाच्या हातात नाही. फोनमध्ये आहे. कुणी रील करतंय, कुणी स्टेटसला ठेवतंय, परवा वरातीत डीजेवाल्यानं वाजवलं. मी हे सगळं फार शांतपणे, मुद्देसूद सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तर मग दुसरं लिव.”

“दुसरं काय?”

“माझ्या नावाला जुळनारं दुसरं काय तरी आसंलच की. एवढ्या मराठीत एकच सबूद हाय व्हय? चांगला बघून घे. ते बी वाजू दे. मग लोकं ते म्हनतील.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. तिनं मला काम दिलं. मी आतून वही आणली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“यंदा,” मी वाचलं. “चंदा.”

“चंदा म्हंजी?”

“हिंदीत चंद्र. नाहीतर वर्गणी.”

“नगं. वर्गनी खाल्ली म्हनतील. फुडं?”

“मंदा. फंदा.”

“फंदा काय आसतंय?”

“फास.”

“फुडं.”

पुढं खोडलेला ‘गंदा’ होता आणि मग ‘धंदा’. मी वही मिटली. तिनं स्वतःच विचार केला आणि एकदम हसली. “कांदा! कांदा घाल की. कांद्यानं नुसतं डोळ्यातनं पानी येतंय. दुसरं काय जात न्हाय.”

“काकी, कांदा जुळत नाही,” मी म्हणाले. “त्यात ‘का’ आहे. आपल्याला पहिला काना नको.”

हे मी खरोखर म्हणाले. तिचं हसू तिच्या तोंडावरच राहिलं, कुणीतरी विसरून गेल्यासारखं.

अण्णांनी पेपर खाली न घेता म्हटलं, “निंदा.”

“ते बी जुळत न्हाय, अण्णा,” काकी म्हणाली. “त्येला येलांटी हाय.” पाच मिनिटांत ती यमक शिकली होती.

शेवटी मी ‘यंदा’ धरून दोन ओळी केल्या. गिरणी, नवी ज्वारी, चांगलं पीक, यंदा. ओळी साध्या होत्या आणि वाईट नव्हत्या. मी त्या वाचून दाखवल्या आणि म्हणाले, म्हणून बघा. तिनं पदर सावरला, घसा खाकरला आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. ठेका माझ्याच गाण्याचा होता. तिच्या नावाला आता दुसरा ठेका उरला नव्हता. पहिली ओळ तिनं नीट म्हटली. दुसरीच्या शेवटाला आली आणि तिच्या तोंडून ‘यंदा’ आलं नाही. ते दुसरं आलं.

तिनं तोंडावर हात दाबला. अण्णा पेपरआडच राहिले.

“बघ,” ती हाताआडून म्हणाली. “माझ्या बी तोंडात बसलंय.”

ती उठली. ती चप्पल घालत असताना मी म्हणाले, “काकी, मी अजून प्रयत्न करते.”

पुढच्या आठवड्यात गिरणीच्या पाटीवर तिच्या नावावर पांढरा रंग बसला आणि त्यावर गेलेल्या नवऱ्याचं नाव आलं. रंग पातळ होता. ऊन पडलं की खालचं नाव दिसायचं, आणि येणारेजाणारे थांबून ते वाचायचे. गिऱ्हाईक काही आलं नाही. दिवाळीच्या आधी चक्की दुसऱ्या गावच्या माणसानं उचलून नेली. काकीही गाव सोडून गेली; कुठं, ते दिरांनीही विचारलं नाही.

दीडेक वर्षानं मी बारामतीला खोली घेऊन राहत होते, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला. एम.आय.डी.सी.च्या बाजूला एक पोळी-भाकरी केंद्र आहे, तिथून भाकरी आणायची. एके दिवशी गल्ल्यावरच्या मालकिणीनं आत हाक मारली, “अगं, दोन ज्वारीच्या बांध.” आणि एका बाईचं नाव घेतलं. आतून काकी आली. पापण्या पुन्हा पांढऱ्या झाल्या होत्या.

“काकी,” मी म्हणाले.

तिनं गल्ल्याकडं पाहिलं. मालकीण फोनवर बोलत होती.

“हितं मला ते म्हनत्यात,” ती हळूच म्हणाली. “आत्ता ऐकलंस ते. मीच सांगितलंय. मागचं हितं कुनाला ठावं न्हाय.”

“चांगलं आहे नाव.”

“लई इचार करून घेतलंय. रोज रातच्याला सबूद लावून बघितलं. कायसुदिक जुळत न्हाय त्येला.”

ती कागदात भाकरी बांधू लागली. मी काही केलं नाही. नाव कानावर पडलं होतं आणि आत कुठंतरी वही उघडली, जशी नेहमी उघडते. पहिला शब्द आला, तो बसत नव्हता. दुसरा आला. तो इतका चपखल बसला की मला क्षणभर आनंद झाला. शोधून काढल्याचा आनंद. तो चेहऱ्यावर दिसला असणार.

काकीचे हात थांबले होते. ती माझ्याकडं बघत होती.

“सापडलं का गं?” तिनं विचारलं.

“नाही, काकी.”

तिनं पुडी माझ्या हातात दिली नाही. फळीवर ठेवली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ती नव्हती. मालकीण वैतागली होती. काल संध्याकाळीच काम सोडून गेली म्हणाली, पत्ता नाही, फोन बंद. एवढी चांगली भाकरी करणारी बाई, कुणाचं काही बोलणं नाही की भांडण नाही, आणि अशी कशी गेली, म्हणून तिनं दोनदा तिचं नाव घेतलं. दोन्ही वेळा मला पुढचा शब्द ऐकू आला.